मूळ कार्यप्रणालीकडे परतताना: जुन्नर-आंबेगाव परिसरातील अनुभवाचे बोल

संगणकावरील एक कार्यप्रणाली पुसून दुसरी बसवणे हे काम आता इतके सोपे झाले आहे की बाजाराच्या गावातील कोणताही दुरुस्तीवाला ते तासाभरात उरकतो. परंतु नवी प्रणाली कामाला आली नाही, तर संगणक विकत घेतला तेव्हा त्यावर जी होती ती मूळ प्रणाली तिच्या परवान्यासह पुन्हा जागेवर आणणे हे काम निराळे आहे, आणि ते येत नसताना येते असे सांगून पैसे घेणारे लोक जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतही आहेत, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे. कार्यप्रणाली, म्हणजे व्यवहारात जिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात ती, संगणकाचे यंत्रभाग आणि वापरणाऱ्याची सॉफ्टवेअर यांच्यामधला दुवा असते. विंडोज आणि लिनक्स कुळातील उबुंटू किंवा मिंट ही तिची परिचित उदाहरणे होत. मूळ प्रणाली परत आणणे यात वस्तुतः तीन गोष्टी येतात: विंडोज पुन्हा बसणे, ते खऱ्या परवान्याने सक्रिय होणे, आणि टचपॅड, आवाज, वाय-फाय, प्रिंटर यांना चालवणारे ड्रायव्हर पूर्ववत मिळणे. दुरुस्तीवाला यांपैकी बहुधा पहिलीच गोष्ट करतो आणि तिन्ही केल्याचे सांगतो, आणि पडद्यावर ओळखीचे चित्र दिसू लागले की ग्राहकालाही काम झाल्यासारखे वाटते.

हा प्रश्न आताच का डोके वर काढतो आहे, याचे कारण एका तारखेत आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, म्हणजे त्या दिवसानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येणे बंद झाले. आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-यंत्रणा व इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागत असल्यामुळे २०१७ च्या आसपास घेतलेले, एरवी धडधाकट चालणारे लॅपटॉप दुकानदारांच्या भाषेत एकाएकी "जुने" झाले. नारायणगावच्या टोमॅटो बाजारातील गाळे, ओतूर आणि आळेफाट्याकडील कांद्याचे व्यापारी, मंचर-घोडेगावातील झेरॉक्सची दुकाने आणि गावोगावची आपले सरकार सेवा केंद्रे यांची कामे अशाच लॅपटॉपवर चालत असल्यामुळे लिनक्स टाकून घेण्याचा सल्ला या भागात सर्रास मिळू लागला. वास्तविक त्याच कंपनीने घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत विस्तारित सुरक्षा-दुरुस्त्यांची सोय जाहीर केली होती, आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश करून आपल्या सेटिंगची प्रत त्या खात्यात ठेवणाऱ्याला ती फुकट मिळण्याचा मार्गही खुला होता. ही माहिती दुकानात कोणी सांगितली नाही. ती सांगितली असती तर पुढचे काहीच घडले नसते, आणि दुरुस्तीचे पैसेही मिळाले नसते.

प्रस्तुत लेखकाच्या घरचा लॅपटॉप याच पिढीचा होता, आणि त्यावर सेवा केंद्राच्या अर्जांबरोबर घरच्या शेतमालाच्या पट्ट्यांचे हिशेब होते. पट्टी म्हणजे माल विकल्यानंतर आडतदार वजन, भाव, हमाली, तोलाई मांडून शेतकऱ्याला देतो तो हिशेबाचा कागद. परिसरातील ज्या दुकानात हा लॅपटॉप दिला, त्या दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर स्पष्ट शब्दांत लिहून कळवले होते की विंडोज आहे तसेच राहू द्यावे, शेजारी लिनक्स टाकावे आणि कोणत्याही फाइलीला हात लावू नये. शेजारी टाकणे म्हणजे एकाच डिस्कवर दोन प्रणाली ठेवणे आणि संगणक सुरू करताना हवी ती निवडणे. हे करता येते, आणि उबुंटूसारख्या प्रणाली बसवताना तसा पर्याय पडद्यावर समोरच दिसतो. त्याच पडद्यावर संपूर्ण डिस्क पुसण्याचाही पर्याय असतो, आणि दुकानदाराने तोच निवडला. विचारल्यावर "जागा कमी पडत होती" असे उत्तर मिळाले; काम सुरू करण्यापूर्वी एक फोन करण्याची गरज त्याला वाटली नाही.

डिस्क पुसली जाते तेव्हा नेमके काय जाते, हे इथे सांगणे आवश्यक आहे. लॅपटॉपच्या डिस्कवर "सी" या नावाने दिसणाऱ्या भागाशिवाय आणखी काही छोटे भाग असतात, ज्यांना पार्टिशन म्हणतात आणि जे एरवी डोळ्यांना दिसत नाहीत: संगणक सुरू होताना प्रथम वाचला जाणारा ईएफआय भाग, बिघाड झाल्यास उपयोगी पडणारा रिकव्हरी भाग, आणि बऱ्याच लॅपटॉपवर मूळ स्थितीची संपूर्ण प्रत ठेवलेला कंपनीचा छुपा भाग. हा शेवटचा भाग शाबूत असेल तर काही लॅपटॉप सुरू होताना एक ठरावीक कळ दाबून धरली की मूळ विंडोज, ड्रायव्हर आणि परवाना असे सगळे एकत्र परत येते. एचपीमध्ये ही कळ बहुधा एफ ११ असते, एसरमध्ये अल्ट आणि एफ १० यांची जोडी. संपूर्ण डिस्क पुसणारा माणूस परतीचा हा सर्वांत सोपा मार्ग स्वतःच्या हाताने बंद करतो, आणि आपण काय केले हे त्याला बहुतेक वेळा ठाऊकही नसते.

या साऱ्यात लिनक्सचा काही दोष नाही, हे निःसंदिग्धपणे नोंदवले पाहिजे. नारायणगावपासून जवळ खोडद येथे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जी महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे, जिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या त्या परिसरात पसरलेल्या दिसतात, तिच्या निरीक्षणांचे विश्लेषण करणारे अभ्यासक लिनक्सवरच काम करतात. सी-डॅकने डेबियन या लिनक्स प्रणालीच्या आधारे बॉस ही भारतीय भाषांची कार्यप्रणाली २००७ पासून उपलब्ध केली आहे. आणि केरळातील शाळांनी वर्षानुवर्षे लिनक्सवर शिकवले आहे. अडचण येते ती विशिष्ट कामांत. बोटाचे ठसे घेणाऱ्या यंत्रांसाठी आधार व्यवस्थेत जी नोंदणीकृत सेवा संगणकावर चालावी लागते, ती बहुतेक उत्पादक विंडोज आणि अँड्रॉइड यांनाच समोर ठेवून देतात. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर लिनक्सवर बसवणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले काम नसते. टॅली विंडोजसाठीच बनलेले आहे. आणि युनिकोडपूर्व काळातील, म्हणजे प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा असण्याच्या काळातील, मराठी मजकूर श्रीलिपी किंवा आयएसएम या टंकन-सॉफ्टवेअरशिवाय उघडला की नुसती चिन्हे दिसतात. सेवा केंद्राचा लॅपटॉप म्हटल्यावर यांपैकी कोणकोणती यंत्रे आणि सॉफ्टवेअर वापरता, एवढे विचारणे हे दुकानदाराचे काम होते.

ठसे घेणारे यंत्र चालेना, तेव्हा मूळ विंडोज परत बसवून देण्याची मागणी करण्यात आली. त्यावर दुकानदाराने सांगितले की एकदा विंडोज पुसले की कंपनीचा परवाना कायमचा जातो, नवा घ्यायचा तर मोठी रक्कम पडेल, परंतु "ओरिजिनलसारखेच" विंडोज तो थोड्या पैशांत टाकून देईल. हे विधान असत्य होते. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजसह विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपमध्ये परवान्याची २५ अक्षरांची किल्ली डिस्कवर नसते. ती मदरबोर्डवरील चिपमध्ये, यूईएफआय या नावाच्या कायमस्वरूपी सॉफ्टवेअरमधल्या एमएसडीएम नावाच्या कोष्टकात कोरलेली असते. या सॉफ्टवेअरला अजूनही बरेच लोक जुन्या सवयीने बायोस म्हणतात. डिस्क पुसा, बदला, जाळा. किल्ली तिथेच राहते. त्याखेरीज विंडोज १० च्या काळात मायक्रोसॉफ्टने डिजिटल परवाना सुरू केला, ज्यात कंपनीचे सर्व्हर त्या मदरबोर्डला ओळखून ठेवतात. मदरबोर्ड बदलला तरच हा परवाना धोक्यात येतो. ज्या माणसाचा रोजचा धंदा हाच आहे त्याला हे माहीत नसेल तर त्याने लॅपटॉपला हात लावू नये, आणि माहीत असूनही त्याने उलट सांगितले असेल तर त्याला फसवणूक हाच शब्द आहे.

लॅपटॉप परत आला तेव्हा वरवर सारे ठीक होते. संशय आला तो सेटिंगमधील सिस्टीमच्या माहितीच्या पानावर. तिथे विंडोज १० प्रो असे लिहिलेले होते, आणि खरेदीच्या बिलावर मात्र विंडोज १० होम सिंगल लँग्वेज अशी नोंद होती. भारतात विकल्या जाणाऱ्या घरगुती लॅपटॉपवर बहुधा हीच सिंगल लँग्वेज आवृत्ती असते; प्रो ही महागडी, कार्यालयांसाठीची आवृत्ती कोणी दुरुस्तीच्या पैशांत देत नाही. मग शोधपट्टीत सीएमडी लिहून उघडणाऱ्या काळ्या खिडकीत एसएलएमजीआर ही आज्ञा डीएलआय या पर्यायासह देऊन पाहिली असता एक छोटी चौकट उघडली आणि तिच्यात परवान्याच्या प्रकारापुढे व्हॉल्यूम केएमएस क्लायंट असे शब्द आले. याचा अर्थ असा की हे विंडोज मोठ्या कंपन्यांना घाऊक पद्धतीने दिल्या जाणाऱ्या परवान्याची नक्कल करून सक्रिय केलेले होते. त्याच आज्ञेचा एक्सपीआर हा दुसरा पर्याय दिला, तेव्हा हे सक्रियण कोणत्या तारखेला संपणार तेही पडद्यावर आले, कारण केएमएस पद्धतीचे सक्रियण १८० दिवसांपुरतेच असते आणि ते टिकवण्यासाठी नकली साधन पाठीमागे सतत चालू राहावे लागते. खऱ्या परवान्यावर तिथे तारीख येत नाही. सक्रियण कायमचे आहे एवढेच दिसते.

याहून गंभीर गोष्ट विंडोज सिक्युरिटीच्या पानावर दिसली. तिथे अपवादांची एक यादी असते, म्हणजे व्हायरस शोधणाऱ्या डिफेंडरने कोणत्या फोल्डरकडे पाहू नये याची सूची. त्या यादीत एक अपरिचित फोल्डर आधीच घातलेला होता. नकली सक्रियण करणारे साधन डिफेंडरने पकडू नये म्हणून ही वाट मोकळी ठेवली जाते, आणि त्या वाटेने दुसरे काहीही आत येऊ शकते. ज्या लॅपटॉपवर गावातील लोक आधार क्रमांक सांगतात, बँकेची पासबुके स्कॅन करतात आणि अंगठे लावतात, त्याच्या बाबतीत हा बेफिकीरपणा अक्षम्य आहे.

दुकानदारासमोर ही चौकट उघडून दाखवली तेव्हा त्याचे वागणे या व्यवसायातील एकूण वृत्तीचे प्रातिनिधिक होते, म्हणून ते नोंदवणे भाग आहे. त्याने पडद्याकडे क्षणभर पाहिले आणि "चालतंय ना सर? मग झालं तर," असे म्हणून तो दुसऱ्या ग्राहकाच्या मोबाइलची काच बदलू लागला. आधीच्या फाइलींचे काय, असे विचारल्यावर "बॅकअप तुम्ही घ्यायला पाहिजे होता" असे उत्तर आले, आणि फाइलींना हात लावू नये असा व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश समोर धरला तेव्हा तो म्हणाला, "आम्ही सगळ्यांना हेच टाकून देतो, आजवर कोणी विचारलं नाही." कोणी विचारले नाही याचा अर्थ कोणाचे नुकसान झाले नाही असा होत नाही. बिल मागितले ते मिळाले नाही. शेवटी त्याने पुन्हा एकदा "फ्रेश" विंडोज टाकून देण्याची तयारी दाखवली, त्याचेही वेगळे पैसे सांगून.

यापुढे जे सांगायचे आहे ते त्या दुकानाबाहेर, स्वतः करून पाहिलेले आहे, आणि म्हणून ते तपशिलाने सांगण्यासारखे आहे. डिस्क पुसली गेल्याचे लक्षात आल्यावर सर्वप्रथम तिच्यावर काहीही नवे लिहिणे थांबवावे, कारण पुसलेली फाइल जोवर तिच्या जागेवर दुसरे काही लिहिले जात नाही तोवर बऱ्याचदा परत मिळवता येते. टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही मुक्त साधने या कामासाठी आहेत. दुसऱ्या संगणकाला ती डिस्क जोडून फोटोरेक चालवले असता पट्ट्यांच्या छायाचित्रांचा एक भाग परत आला, मात्र फाइलींची नावे आणि तारखा गेल्या, त्यामुळे कोणती पट्टी कोणत्या महिन्याची हे एकेक चित्र उघडून ठरवावे लागले. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर एवढे तरी साधते. एसएसडीवर पुसलेल्या जागा डिस्क स्वतःच आतून रिकाम्या करत असल्यामुळे बहुधा काहीच हाती लागत नाही.

त्यानंतर खरे विंडोज आणावे, आणि ते मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच आणावे. विंडोजवर चालणारा दुसरा संगणक हाताशी असेल तर मीडिया क्रिएशन टूल नावाचे साधन उतरवावे; ते किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर सारी मांडणी करून देते. हाताशी फक्त लिनक्स असेल तर तेच पान आयएसओ, म्हणजे संपूर्ण प्रणालीची एकसंध प्रत असलेली फाइल, थेट उतरवू देते. पण इथे एक खाच आहे जिच्यात पुष्कळ लोक अडकतात. लिनक्सच्या प्रती पेनड्राइव्हवर जशा सरसकट उतरवता येतात तशी विंडोजची प्रत उतरवून चालत नाही, आणि पेनड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीने तयार करून फाइली नुसत्या कॉपी करायला गेले तर इन्स्टॉल नावाची मुख्य फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असल्याने ती त्यावर मावत नाही, कारण फॅट ३२ मध्ये एका फाइलीची कमाल मर्यादाच तेवढी आहे. व्हेंटॉय हे मुक्त साधन पेनड्राइव्हवर एकदा बसवून त्यात आयएसओ फाइल तशीच ठेवली की ही अडचण उरत नाही. ही आयएसओ फाइल ५ जीबीच्या आसपास किंवा त्याहून मोठी असते, आणि ती उतरवायला चांगले नेटवर्क लागते. ज्या जुन्नर तालुक्यात आर्वी येथे १९७१ मध्ये देशाचे पहिले व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र उभे राहिले त्याच तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, घाटघर-नाणेघाटाकडे आणि तिकडे आंबेगावात आहुपे-डिंभे भागात, आजही नेटवर्क भरवशाचे नाही. तेव्हा तिकडच्या वाचकांनी हे उतरवण्याचे काम नारायणगाव, जुन्नर किंवा मंचर येथेच आटोपून पेनड्राइव्ह घरी न्यावा.

पेनड्राइव्ह लावून संगणक त्यावरून सुरू करण्यासाठी डेल, लेनोव्हो आणि एसर यांत बहुधा एफ १२, एचपीमध्ये एफ ९ आणि आसूसमध्ये एस्केप ही कळ असते. त्याआधी यूईएफआयच्या सेटिंगमध्ये जाऊन एक गोष्ट अवश्य पाहावी: दुकानदाराने तिथे लेगसी किंवा सीएसएम नावाची जुनी पद्धत चालू करून ठेवली आहे का. नकली विंडोजच्या जुन्या प्रती या पद्धतीने टाकण्याची सवय दुकानांतून आहे आणि वरील लॅपटॉपमध्येही तेच केलेले होते; त्यामुळे डिस्कची आखणी जीपीटी या नव्या पद्धतीऐवजी एमबीआर या जुन्या पद्धतीची झाली होती, आणि यूईएफआय पद्धतीने सुरू झालेले विंडोज अशा डिस्कवर बसण्यास नकार देते. यूईएफआय पद्धत आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करून, विंडोजच्या पहिल्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ १० दाबून उघडणाऱ्या काळ्या खिडकीत डिस्कपार्ट ही आज्ञा चालवून, डिस्कची यादी पाहून, हवी ती डिस्क निवडून, तिला क्लीन आणि मग कन्व्हर्ट जीपीटी या आज्ञा दिल्या की डिस्क कोरी होते. या यादीत पेनड्राइव्ह आणि बाहेरून जोडलेल्या इतर डिस्कही दिसतात. म्हणून अनावश्यक सर्व डिस्क आधीच काढून ठेवाव्यात आणि जीबीतील आकार पाहूनच क्रमांक निवडावा, कारण क्लीन ही आज्ञा पुन्हा विचारत नाही.

आवृत्तीबाबतचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो कोणीही सांगत नाही. मदरबोर्डमध्ये किल्ली असेल तर विंडोज बसताना आवृत्ती न विचारता स्वतःच योग्य ती निवडते. परंतु एखाद्या कारणाने यादी समोर आली तर नुसते होम किंवा प्रो निवडू नये, लॅपटॉपवर मुळात जी होती तीच निवडावी, म्हणजे बहुतेक भारतीय लॅपटॉपच्या बाबतीत होम सिंगल लँग्वेज. होमची किल्ली सिंगल लँग्वेजला चालत नाही आणि उलटही नाही. मूळ आवृत्ती कोणती हे बिलावर, खोक्यावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकून कळते. लिनक्स चालू असताना एसीपीआयच्या कोष्टकांमधील एमएसडीएम ही फाइल वाचली तर किल्ली प्रत्यक्ष दिसते, आणि दुकानदाराने परवाना गेल्याचे सांगितलेल्या त्या लॅपटॉपमध्येही ती तशीच, संपूर्ण दिसली. किल्ली कुठेही टाइप करावी लागली नाही. विंडोज बसून इंटरनेट जोडले गेल्यावर ते आपोआप सक्रिय झाले, आणि एसएलएमजीआरच्या चौकटीत या वेळी ओईएम डीएम, म्हणजे उत्पादकाने मदरबोर्डमध्ये दिलेला परवाना, असे शब्द आले. त्यासाठी एक रुपयाही लागला नाही. ड्रायव्हर मात्र ज्या कंपनीचा लॅपटॉप आहे तिच्याच संकेतस्थळावरून, अनुक्रमांक देऊन घ्यावेत. डेल, एचपी आणि लेनोव्हो आपल्या बऱ्याच मॉडेलसाठी मूळ स्थितीची संपूर्ण प्रतही अशाच पद्धतीने उतरवू देतात.

ज्यांच्या लॅपटॉपवर दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी आहेत त्यांच्यासाठी काही वेगळे सांगणे जरूर आहे. लिनक्स टाकल्यावर विंडोज यादीत दिसत नाही म्हणून ते गेले असे समजू नये. ग्रब, म्हणजे सुरुवातीला प्रणाली निवडू देणारा लिनक्सचा कार्यक्रम, त्याच्या २.०६ या आवृत्तीपासून इतर प्रणालींचा शोध मुळातच बंद ठेवतो, आणि तो शोध चालू करून यादी ताजी केली की विंडोज पुन्हा दिसू लागते. लिनक्स काढायचे असल्यास आधी त्याचे पार्टिशन उडवून मग विचार करत बसू नये, कारण जुन्या पद्धतीच्या संगणकात त्यामुळे ग्रब रेस्क्यू असा काळा पडदा येऊन सारे थांबते. आधी यूईएफआयमध्ये विंडोजला पहिला क्रम द्यावा, विंडोज स्वतंत्रपणे सुरू होते याची खात्री करावी, आणि त्यानंतरच लिनक्सचे भाग काढावेत. लिनक्स टाकताना डिस्कची पद्धत आरएसटी किंवा रेडवरून एएचसीआयवर बदलली गेली असेल तर विंडोज निळा पडदा दाखवते. पद्धत पूर्ववत केली की ते बहुधा चालू होते. नव्या, अकराव्या आणि त्यापुढच्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपमध्ये विंडोज बसवताना डिस्कच दिसत नसेल तर डिस्क खराब झाल्याचे कोणी सांगितले तरी ऐकू नये. व्हीएमडी नावाचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून दिला की ती दिसते. बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवण्याची विंडोजची सोय, चालू असेल तर तिची ४८ अंकी किल्ली आधीच कागदावर उतरवून ठेवावी. आणि लिनक्सनंतर विंडोज सुरू केल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसले तर घाबरू नये: लिनक्स संगणकाच्या आतील घड्याळ जागतिक वेळेवर ठेवते आणि विंडोज तीच वेळ स्थानिक समजते, एवढेच त्याचे कारण असते, मात्र वेळ चुकीची असताना सुरक्षित संकेतस्थळे उघडण्यात अडचण येऊ शकते, म्हणून ती आधी दुरुस्त करावी.

बाकीच्या गोष्टी सर्वांना माहीत असतात आणि तरी सांगाव्या लागतात: महत्त्वाच्या फाइलींच्या दोन प्रती दोन ठिकाणी असाव्यात, लॅपटॉपची बॅटरी चांगली नसेल तर असे काम विजेच्या भरवशावर सुरू करू नये, आणि काम चालू असताना शक्य तर तिथेच बसून राहावे.

दाद मागण्याचा मार्गही आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार पैसे घेऊन दिलेल्या सेवेतील त्रुटीसाठी पुण्यातील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि प्राथमिक माहिती १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मिळते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातील माहिती नष्ट करण्याबद्दल भरपाईची तरतूद करते. बिल न देणारा दुकानदार यूपीआयवर पैसे घेतो, आणि ती नोंद व व्हॉट्सअ‍ॅपवरील सूचना हे दोन्ही पुरावे ग्राहकाकडेच राहतात. ते पुसू नयेत.

जुन्नर आणि आंबेगावातील ज्यांना लॅपटॉप दुरुस्तीला द्यावाच लागेल त्यांनी दुकानातून निघण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: लॅपटॉपवर सध्या विंडोजची कोणती आवृत्ती आहे, परत देताना कोणती असेल, डिस्क पुसली जाणार आहे की नाही, आणि परवाना लॅपटॉपचा स्वतःचा राहणार आहे की नाही. खाली दुकानदाराची सही घ्यावी. जो सही करणार नाही त्याच्याकडे लॅपटॉप ठेवू नये.